नोंद नसलेले प्रयोग

किशोरवयीन मुलांवरच्या औषधचाचणीची बातमी आली की वाद ठरल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, "आमची मुलं काय गिनिपिग आहेत?" दुसरी म्हणते, "अहो, औषध मोठ्यांसाठी मंजूर झालंय, वजनाच्या हिशेबाने डोस कमी करा आणि द्या. चाचणी हवीच कशाला?" दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचा निष्कर्ष एकच असतो: बारा ते अठरा वयाच्या मुलांवर पद्धतशीर अभ्यास नको. माझं मत नेमकं उलट आहे. दमा, मधुमेह, अर्धशिशी, नैराश्य, स्थूलता, उच्च रक्तदाब हे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारे आजार ज्या मुलांना आहेत, त्यांना औषधं दिली जातातच; आजही, आत्ताही. चाचणी नाकारल्याने प्रयोग टळत नाही. तो दवाखान्यादवाखान्यांतून सुटासुटा चालू राहतो. फक्त त्याला तुलनेसाठी दुसरा गट नसतो, देखरेख करणारी समिती नसते आणि काय झालं ते लिहून ठेवणारी वही नसते.

"वजनावर डोस काढा" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून आधी तोच तपासू. इन्सुलिन घ्या. टाइप १ मधुमेह असलेल्या, अजून वयात न आलेल्या मुलाला साधारणपणे दर किलोमागे दिवसाला ०.७ ते १ युनिट लागतं. तेच मूल वयात येऊ लागलं की गरज १.२ च्या वर, कधीकधी २ युनिटांपर्यंत जाते, कारण वाढीचं संप्रेरक जोरात असताना शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणजे ४५ किलोची दोन मुलं शेजारी उभी केली, तर एकाचं दिवसाला ३५-४० युनिटांत भागेल आणि दुसऱ्याला ६०-७० लागतील. वजनकाटा दोघांसाठी एकच आकडा दाखवतो. फरक आहे तो वयात येण्याच्या टप्प्याचा, आणि तो काट्यावर दिसत नाही, जन्मतारखेवरूनही कळत नाही.

बरं, डोस जमला असं समजू. औषध लागू पडेल याची हमी कुठे आहे? अर्धशिशीचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही दोन औषधं मोठ्यांमध्ये झटके कमी व्हावेत म्हणून वापरली जातात, आणि त्याच भरवशावर ती मुलांनाही वर्षानुवर्षं लिहून दिली जात होती. अखेर अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांवर २४ आठवड्यांची तुलनात्मक चाचणी झाली. तिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले अशी मुलं अमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या गटात ६१ टक्के होती. पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. थकवा, तोंड कोरडं पडणं, हातापायांना मुंग्या, वजन घटणं हे सगळं मात्र खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्याच वाट्याला जास्त आलं. चाचणीआधी ज्या मुलांनी या गोळ्या वर्ष-वर्ष घेतल्या, त्यांना आपण वाचवलं होतं म्हणायचं का? आणि "गोळीने बरं वाटतंय" असं जे पालक प्रामाणिकपणे सांगत होते, ते खोटं बोलत नव्हते. दहातल्या सहांना नुसत्या गोळीच्या रूपानेही बरं वाटत होतं. हे एकेका दवाखान्यात बसून कुणालाही कळणं शक्य नव्हतं, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी.

टाइप २ मधुमेहाची कथा याहून गंभीर आहे. हा आजार एकेकाळी उतारवयातला मानला जाई, त्यामुळे किशोरांसाठी औषधांचा पुरावा जवळजवळ नव्हताच. 'टुडे' या अमेरिकी चाचणीत १० ते १७ वयाची ६९९ मुलं घेतली गेली. २०१२ मध्ये निकाल आला: मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या गोळीवरच नुसत्या असलेल्या मुलांपैकी ५१.७ टक्क्यांमध्ये साखर आटोक्यात राहिली नाही. पुढच्या पाठपुराव्यात, सरासरी वय जेमतेम सव्वीस असताना, निम्म्याहून अधिक जणांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराची चिन्हं दिसली होती. मग 'राइज' अभ्यासात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद उपचाराने टिकते का हे पाहिलं गेलं. मोठ्यांमध्ये उपचार चालू असताना ती सुधारली, मुलांमध्ये उपचार चालू असतानाच घसरत राहिली. नाव एक, तपासणीचे आकडे एक, पण आजाराची चाल वेगळी. हे कळल्यामुळेच आज अशा मुलांच्या बाबतीत "मेटफॉर्मिन सुरू करू आणि वर्षभर पाहू" असं निवांत धोरण घेणं चूक ठरतं.

इथे प्रतिपक्षाचा एक रास्त मुद्दा मान्य करायला हवा. प्रत्येक औषधाची प्रत्येक वयात पहिल्यापासून चाचणी घेत बसणं हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. उत्तर आधीच माहीत असताना काही मुलांना प्लासिबोवर ठेवणं अनैतिक आहे. अपस्माराच्या काही प्रकारांत, मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या झटक्यांसाठी, आधी चार वर्षांवरच्या आणि पुढे त्याहूनही लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांचा परिणामकारकतेचा पुरावा पुरेसा धरायला अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली आहे. मुलांमध्ये फक्त योग्य डोस आणि सुरक्षितता तपासायची. उत्तम निर्णय. पण तो शक्य कशामुळे झाला? आधीच्या कितीतरी औषधांच्या चाचण्या मुलांवर झाल्या होत्या आणि दर वेळी निकाल मोठ्यांशी जुळला होता म्हणून. "मुलांवर चाचणी नको" असं म्हणण्याचा अधिकार अपस्माराच्या बाबतीत मुलांवरच्या चाचण्यांनीच कमावून दिला आहे. अर्धशिशीला तो मिळालेला नाही, नैराश्याला तर मुळीच नाही.

या साऱ्यामागे इतिहासाची एक विचित्र थट्टा आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाचं गोड, रास्पबेरीच्या चवीचं पातळ औषध बाजारात आलं. गोळी गिळता न येणाऱ्या लहानग्यांची त्यात सोय होती. द्रावक म्हणून वापरलं होतं डायइथिलिन ग्लायकॉल, जे मूत्रपिंडांना विष आहे. शंभरावर माणसं दगावली, त्यांत मुलं पुष्कळ. त्यातून १९३८ चा कायदा आला: विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा. पुढे गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६२ मध्ये परिणामकारकताही सिद्ध करण्याचं बंधन आलं. दोन्ही कायदे मुलांच्या वाताहतीतून जन्मले. आणि कंपन्यांनी पळवाट काय काढली? मुलांवर अभ्यासच करायचा नाही, आणि माहितीपत्रकावर छापायचं की मुलांमधली सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांसाठी शब्द वापरला 'औषधोपचारातले अनाथ'. ज्यांच्यासाठी कायदे झाले, तेच कायद्याच्या दाराबाहेर राहिले. किशोर तर दुहेरी अनाथ: बालरोगाच्या चाचणीत ते मोठे पडतात, मोठ्यांच्या चाचणीत छोटे.

आता "गिनिपिग" म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांची भीती हवेतली नाही, आणि तिला अडाणी म्हणून हिणवणाऱ्या तज्ज्ञांचा मला राग येतो. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेत १९५० च्या दशकापासून पुढे दीड दशक मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण केली गेली. समर्थन काय होतं? संस्थेत ती आज ना उद्या होणारच आहे. आई-वडिलांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण एका काळात इतर विभागांत प्रवेश बंद असताना संशोधनाच्या विभागात मात्र जागा मिळत होती. अशा सहीला संमती म्हणायचं? तेव्हा कागदावरची सही म्हणजे सगळं नव्हे, हा आक्षेप शंभर टक्के खरा. मात्र विलोब्रुकचा धडा नीट वाचा. तिथे निरोगी मुलांना आजार दिला गेला, आणि तो ज्या मुलांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांना. आजारी मुलाला आधीच दिलं जाणारं औषध खरोखर उपयोगी पडतं का हे तपासणं ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की विलोब्रुकच्या मुलांवरचा अन्यायही पातळ होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची 'स्टडी ३२९' नावाची चाचणी २७५ किशोरांवर झाली. २००१ मध्ये छापून आलेल्या अहवालात औषध परिणामकारक आणि मुलांना सोसणारं असल्याचं म्हटलं होतं. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ कागदपत्रं उकरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा आधी ठरवलेल्या मुख्य निकषांवर औषध प्लासिबोहून सरस नव्हतं, आणि आत्महत्येशी संबंधित काही घटना 'भावनिक अस्थिरता' या गुळमुळीत नावाखाली गेल्या होत्या. याला लबाडीशिवाय दुसरा शब्द नाही. पण ही लबाडी उघडी पडली कशाने? चाचणीची कच्ची नोंद कुठेतरी शिल्लक होती म्हणून. २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा औषधांच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या, ४,४०० हून अधिक मुलं-किशोर. आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषधाच्या गटात सुमारे ४ टक्के, प्लासिबोच्या गटात २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. त्यानंतर वेष्टनावर सर्वांत कडक इशारा आला. दोन टक्क्यांचा हा फरक दवाखान्यात कुणाला दिसला असता? नैराश्यात तसे विचार येतातच, दोष आजाराला देऊन सगळे मोकळे झाले असते. त्याच सुमारास ४३९ किशोरांवरच्या 'टॅड्स' चाचणीत फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं दुसरं औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या गटात ७१ टक्के मुलं लक्षणीय सुधारली, प्लासिबोवर ३५ टक्के. म्हणजे एका औषधाचा फोलपणा, दुसऱ्याचा उपयोग आणि सगळ्यांचा धोका, तिन्ही एकाच मार्गाने कळले. पैशाच्या प्रभावावर उपाय आहे तो चाचणी सुरू होण्याआधी मुख्य निकष सार्वजनिक नोंदवहीत टाकणं आणि संपल्यावर सगळी आकडेवारी खुली करणं. चाचणीच बंद करणं म्हणजे हिशेब खोटा निघाला म्हणून वहीच जाळणं.

"वाढत्या शरीरावर दहा वर्षांनी काय होईल ते कोण सांगणार?" हा तिसरा आक्षेप. मला तो चाचणीच्या बाजूचा वाटतो. दम्यासाठी श्वासावाटे ओढायच्या स्टिरॉइडने उंची खुंटते का, ही जुनी धास्ती. नुसत्या निरीक्षणाने ती सुटतच नाही, कारण आटोक्यात नसलेला दमाही वयात येणं लांबवतो आणि वाढ मंदावतो. बुटका मुलगा औषधाने बुटका की आजाराने, हे ओळखणार कसं? ५ ते १२ वयाच्या १,०४१ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून चार ते सहा वर्षं पाहिलं गेलं आणि नंतर मोठं होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. सरासरी पंचवीस वयाला ब्यूडेसोनाइड हे स्टिरॉइड घेतलेले प्लासिबोवाल्यांपेक्षा १.२ सेंटिमीटर कमी भरले. हा फरक पहिल्या एक-दोन वर्षांतच पडला होता, पुढे वाढत गेला नाही. आता आई-वडिलांसमोर दोन्ही बाजूंचा आकडा ठेवता येतो: एका पारड्यात सव्वा सेंटिमीटर, दुसऱ्यात मध्यरात्रीचा श्वास.

आणि "औषधं सोडा, जीवनशैली सुधारा" म्हणणाऱ्यांचं काय? त्यांचं म्हणणं पटण्यासारखंच आहे, म्हणून तर ते तपासायला हवं होतं. मोठ्यांमध्ये मधुमेह टाळण्यासाठी आहार-व्यायामाचा कार्यक्रम मेटफॉर्मिनपेक्षा वरचढ ठरला होता. 'टुडे'त मेटफॉर्मिनला असाच कसून राबवलेला कार्यक्रम जोडला गेला. अपयशाचं प्रमाण ५१.७ वरून ४६.६ टक्क्यांवर आलं, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. एक प्रश्न प्रतिबंधाचा आणि दुसरा उपचाराचा, हे खरं. तरीही सोळा वर्षांच्या पोराला "तू मनावर घेत नाहीस" म्हणून बोल लावणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

रक्ताच्या कर्करोगाकडे पाहा. लहान मुलांच्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात १९६० च्या सुमारास वाचणारी मुलं दहात एखादं. आज प्रगत केंद्रांत दहात नऊ. जादूचं एखादं औषध सापडलं म्हणून हे घडलं नाही, बहुतेक प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या चाचणीत घेतलं गेलं आणि प्रत्येक चाचणीने आधीचीत थोडी भर घातली. याच आजाराच्या १६ ते २० वयाच्या रुग्णांची मागे वळून तुलना झाली. बालरोग गटाच्या आराखड्यानुसार उपचार मिळालेल्यांपैकी सात वर्षांनी ६७ टक्के हयात होते, प्रौढ गटाच्या आराखड्याने ४६ टक्के. वय एक, आजार एक. कुठल्या दारातून आत शिरले एवढाच फरक. दीर्घ आजारांच्या किशोरांसाठी अजून दारच धड उघडलेलं नाही.

अर्थात, उघडायचं तर नीट. मोठ्यांच्या चाचणीचा आराखडा घेऊन वयाची अट १८ वरून १२ वर आणली की काम झालं, असं समजणाऱ्यांनीच बरंच नुकसान केलं आहे. वयात येण्याचा टप्पा, म्हणजे टॅनरची पाच टप्प्यांची श्रेणी, प्रत्येक मुलाची नोंदवली नाही तर तेरा वर्षांची दोन मुलं एकाच रकान्यात जातात आणि परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. ती नोंद चित्रं दाखवून मुलाकडूनच करून घेता येते. अनोळखी माणसासमोर कपडे उतरवायला लावलं की पुढच्या भेटीला मूल येत नाही. उंची भिंतीवरच्या फितीने चालत नाही, बसवलेल्या स्टॅडिओमीटरवर, म्हणजे उंची मोजायच्या यंत्रावर, तीनदा मोजून सरासरी घ्यायची, शक्यतो दिवसाच्या ठरावीक वेळी, कारण सकाळची उंची संध्याकाळी थोडी कमी भरते, आणि औषधामुळे वर्षात पडणारा अपेक्षित फरकच काही मिलिमीटरांचा असतो. रक्तदाबाला पट्टा दंडाच्या मापाचा हवा: आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला की रक्तदाब खोटाच वाढतो, आणि स्थूल मुलांच्या अभ्यासात नेमकी हीच चूक होते. रक्त किती काढायचं यालाही मर्यादा आहे: युरोपीय मार्गदर्शनानुसार एका वेळी शरीरातल्या रक्ताच्या १ टक्का, चार आठवड्यांत ३ टक्के. ४० किलोच्या मुलात सुमारे ३.२ लिटर रक्त धरलं तर एका वेळी ३२ मिलिलिटर. मोठ्यांच्या आराखड्यातल्या बाटल्यांची बेरीज करून पाहा, ही मर्यादा किती सहज ओलांडली जाते ते दिसेल.

औषध घेतलं की नाही हा तर स्वतंत्र अध्याय. वहीत रोजच्या खुणा भरलेल्या, एकाच शाईच्या, एकाच तिरप्या हाताच्या, बहुधा भेटीच्या आदल्या रात्रीच्या. इनहेलरवरचा आकडा कमी दिसावा म्हणून दाराबाहेर उभं राहून पंचवीस-तीस पफ हवेत उडवण्याची युक्ती नवी नाही. म्हणून प्रत्येक पफची वेळ टिपणारं यंत्र लागतं, आणि ते लावलं आहे हे मुलाला आधी सांगावं लागतं. अन्यथा फसलं औषध की फसली सवय, हे कधीच कळत नाही.

गोपनीयतेचा गुंता सर्वांत नाजूक. रक्तदाबाची आणि मूत्रपिंड वाचवणारी काही औषधं गर्भाला घातक असतात, म्हणून मुलींची गर्भचाचणी करावी लागते. निकाल कुणाला सांगायचा? आई शेजारी बसलेली असताना धूम्रपानाचा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं असतं. म्हणून काही प्रश्न मुलाला एकट्यालाच विचारायचे, आणि काय गुप्त राहील, काय राहणार नाही (स्वतःला इजा करण्याचा विचार राहणार नाही), हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर स्पष्ट बोलायचं. मुलाचा होकार वेगळा घ्यायचा. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आई-वडील हो म्हणाले आणि पोरगं नाही म्हणालं, तर साधारणपणे ते नाहीच धरायचं. प्रवासखर्च द्यावा, पण रक्कम इतकी नको की घरचे लोक मुलाचा नकार दाबतील.

आणि एक तारीख आहे जी आराखड्यात बहुतेक वेळा नुसती एका ओळीत उरकलेली असते: अठरावा वाढदिवस. त्या दिवसानंतर आई-वडिलांची सही पुरत नाही, संमती नव्याने त्या तरुणाकडून घ्यायची असते. तोवर तो शिकायला दुसऱ्या गावी गेलेला असतो, फोन नंबर बदललेला असतो, पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहतं. त्याच्या बाराव्या वर्षी काढलेलं रक्त मात्र उणे ८० अंशांवरच्या फ्रीझरमध्ये जिथल्या तिथे असतं. ते ठेवायचं की नष्ट करायचं, हे त्याला कुणी, कसं आणि किती वेळा विचारणार, हा प्रश्न "गिनिपिग" म्हणणाऱ्यांनी लावून धरला तर त्यांच्याशी माझं काहीच भांडण नाही.